ओउनिनपोह्याच्या वाटेवर : फिनलंडमधले सात दिवस

सोमवार, २८ जुलै २०२५ : हेलसिंकी

नाशिकला माझे गाड्यांच्या दुरुस्तीचे वर्कशॉप आहे. एकतीस वर्षे गाडीखाली पाठीवर पडून शॉकअब्सॉर्बर, बुश आणि बॉल जॉइंट बदलत असताना एक प्रश्न माझ्या मनातून कधी गेला नाही. छप्पन लाख वस्तीच्या, म्हणजे आपल्या पुणे महानगरापेक्षाही लहान अशा देशातून फॉर्म्युला वनचे तीन आणि जागतिक रॅलीचे सात विश्वविजेते कसे निघाले? भाची सहा वर्षांपासून हेलसिंकीच्या शेजारी एस्पोमध्ये नोकरी करते. या वर्षी तिने हट्टच धरला, म्हणाली, "मामा, रॅलीच्या आठवड्यातच ये, म्हणजे तुझा प्रश्न तूच रस्त्याला विचार." म्हणून आलो. ही रॅली, म्हणजे बंद केलेल्या रस्त्यांवर एकेका गाडीने वेळेशी धावायची स्पर्धा, युव्हास्क्युला गावाभोवतीच्या जंगलात होते आणि ओउनिनपोह्या हा तिचा सर्वांत गाजलेला रस्ता.

हेलसिंकीचा विमानतळ खुद्द शहरात नसून शेजारच्या व्हान्तामध्ये आहे, आणि व्हान्ता हे मिका हॅकिनेनचे गाव. १९९८ आणि १९९९ अशी सलग दोन वर्षे मॅकलारेनमधून विश्वविजेता झालेल्या माणसाच्या गावात पहिले पाऊल पडले, याचा मला मनापासून आनंद झाला.

सामान टाकून आम्ही लगेच एलाइंतार्हा बागेत गेलो. या नावाचा अर्थ प्राणिसंग्रहालय असा होतो, परंतु इथे प्राणिसंग्रहालय कधी झालेच नाही. झाल्या त्या मोटारींच्या शर्यती. १९३२ पासून १९६३ पर्यंत या बागेभोवतीच्या साध्या रस्त्यांवर, सुमारे दोन किलोमीटरच्या फेरीवर, गाड्या आणि मोटरसायकली धावत असत आणि एका वळणाला लोकांनी मृत्यूचे वळण असे नाव दिले होते. आज तिथे ट्राम, सायकलवाले आणि बाबागाड्या ढकलणारे आईबाप दिसतात. मी त्या वळणाच्या कडेने दोनदा चाललो. रस्ता बाहेरच्या अंगाला किंचित उतरता आहे आणि शर्यतीच्या रस्त्यात याहून वाईट दोष दुसरा नसतो, कारण वेगातली गाडी आधीच बाहेर ओढली जात असते आणि उतार तिला आणखी ढकलतो.

बागेला लागूनच १९५२ च्या ऑलिंपिकचे स्टेडियम आहे आणि जवळच तेव्हाचे प्रदर्शनगृह आहे, ज्यात त्या वर्षी कुस्त्या झाल्या. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधव यांनी स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक, ते कांस्यपदक, इथेच मिळवले. मी मोटारींसाठी आलो होतो, पण त्या इमारतीसमोर आपोआप हात जोडले गेले. भाचीनेही काही न बोलता जोडले.

मंगळवार, २९ जुलै : केइमोला आणि एस्पो

सकाळी व्हान्ताच्या उत्तरेला केइमोला इथे गेलो. कुर्ट लिंकन या शर्यतपटूने १९६६ मध्ये उभारलेला सर्किट इथे होता आणि तो १९७८ पर्यंत चालला. १९६७ मध्ये इथली फॉर्म्युला टूची, म्हणजे फॉर्म्युला वनच्या खालच्या पायरीची, शर्यत दोनदा विश्वविजेता झालेल्या साक्षात जिम क्लार्कने जिंकली होती. लिंकनची मुलगी नीना ही फॉर्म्युला वनचा चालक योखेन रिंट याची पत्नी. रिंटचा १९७० मध्ये मोन्झाला सरावात मृत्यू झाला आणि तरीही त्या वर्षीचे विजेतेपद त्याच्याच नावावर राहिले. तो चषक नीनाने स्वीकारला. आता सर्किटच्या जागी नव्या इमारतींची वसाहत वाढली आहे, मध्ये झाडी आहे आणि शर्यतीच्या नियंत्रणाचा जुना मनोरा तेवढा उभा आहे. झाडीतून चालताना पायाखाली मधूनच जुन्या डांबराचा तुकडा लागतो, भेगांमधून गवत वर आलेले. हॅकिनेन पाच वर्षांचा असताना आईवडिलांनी त्याला इथल्याच परिसरात भाड्याच्या गो-कार्टमध्ये बसवले आणि पहिल्याच फेरीत त्याने ती ठोकली. तरी पोराने पुन्हा कार्टचाच हट्ट धरला म्हणतात.

तो हट्ट पुढे किती खरा ठरला, हे १९९५ मध्ये ॲडलेडला दिसले. सरावात मागचा टायर गेला, गाडी सरळ भिंतीवर आदळली, कवटीला तडा गेला आणि श्वास थांबत चालला असताना डॉक्टरांनी रस्त्याच्या कडेलाच त्याच्या गळ्याला छेद देऊन श्वासमार्ग मोकळा केला. पुढच्या मोसमाच्या पहिल्या शर्यतीत तो पाचवा आला. इथे आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण पुढे सगळा आठवडा ती माझ्यासमोर वेगवेगळ्या रूपांत येत राहिली. हॅकिनेनचे व्यवहार सांभाळणारा माणूस होता केके रोसबर्ग, म्हणजे फिनलंडचा फॉर्म्युला वनमधला पहिला विश्वविजेता. १९८२ च्या ज्या मोसमात सोळा शर्यतींमध्ये अकरा वेगवेगळे विजेते झाले, त्यात रोसबर्गने एकच शर्यत जिंकली, तीही स्वित्झर्लंडच्या नावाने पण फ्रान्समधल्या दिजाँला झालेली. बाकी वेळी तो सातत्याने गुण जमवत राहिला. निवृत्त झाल्यावर त्याने आपल्या मागून येणाऱ्याचा हात धरला. पुढे हॅकिनेनने तोच हात फॉर्म्युला वनमधल्याच वाल्टेरी बोटासला दिला.

दुपारी एस्पोत परतलो. हे किमी रायकोनेनचे गाव. कार्टिंगच्या खर्चासाठी त्याच्या घरच्यांनी घरात शौचालय बांधण्याचे काम लांबणीवर टाकले आणि अंगणातल्या शौचालयावर भागवले, ही गोष्ट इथे सगळ्यांना ठाऊक आहे. ते ऐकताना मला माझ्या ओळखीचे कितीतरी बाप आठवले, ज्यांनी पोराच्या शिकवणीसाठी घराचा गिलावा पुढे ढकलला आहे. रायकोनेन २००१ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये आला तेव्हा त्याच्या गाठीला मोटारींच्या जेमतेम २३ शर्यती होत्या. त्याला परवाना द्यावा की नाही यावर वाद झाला, आणि मेलबर्नच्या पहिल्याच शर्यतीत त्याने सहावा येऊन गुण मिळवला. २००७ चे विजेतेपद त्याने फेरारीतून एका गुणाने घेतले: त्याचे ११०, हॅमिल्टन आणि अलोन्सो यांचे प्रत्येकी १०९.

रात्री जेवताना भाचीने तिच्या फिनिश परवान्याची हकिगत सांगितली. इथे नवशिक्याला मुद्दाम घसरड्या केलेल्या मैदानावर नेतात, ब्रेक दाबायला लावतात आणि गाडी आडवी जाते म्हणजे नेमके काय होते ते अंगाला कळू देतात. "पहिल्यांदा गाडी फिरली तेव्हा मी ओरडले," ती म्हणाली, "तिसऱ्यांदा फिरली तेव्हा हात आपोआप उलटे वळले." भाचेजावई हसून म्हणाले की आता बर्फात गाडी तिच्याच हाती असते. मी आमच्याकडे शिकायला येणाऱ्या पोरांचा विचार करत होतो. घसरणारी गाडी कशी सावरायची हे आपल्याकडे बहुतेकांना पहिल्या अपघातातच कळते.

बुधवार, ३० जुलै : लाहतीमार्गे युव्हास्क्युला

सुमारे २७० किलोमीटरचा रस्ता. भाचीने गाडी चालवली, मी खिडकीतून बाहेर पाहत राहिलो. वाटेत लाहतीजवळ नास्तोलाची पाटी दिसली, ते बोटासचे गाव. मर्सिडीजमधून दहा शर्यती जिंकलेल्या या माणसाने २०१९ मध्ये आर्क्टिक लॅपलंड रॅलीत भाग घेतला आणि पाचवा आला. रायकोनेननेही २०१० मध्ये फॉर्म्युला वन सोडून जागतिक रॅली धरली होती आणि त्याच वर्षी तुर्कस्तानात पाचवा क्रमांक मिळवला होता. दुसऱ्या देशांतले सर्किटवाले बहुधा सर्किटवरच राहतात. इथल्यांना मात्र मातीचा रस्ता परका वाटत नाही.

याचे कारण खिडकीबाहेरच होते. मोठा महामार्ग सोडला की दर दोन-चार किलोमीटरवर एक फाटा जंगलात शिरतो आणि तो डांबरी नसतो. या देशातल्या सरकारी रस्त्यांपैकी सुमारे एक तृतीयांश रस्ते अजूनही डांबराविना आहेत आणि शेताकडे, तळ्याकाठच्या घरांकडे जाणारे खाजगी रस्ते त्याहून वेगळे. थंडीत जमीन गोठते आणि वसंतात वितळताना वर फुगते; विरळ वस्तीच्या रस्त्यावर डांबर घालून दर वर्षी त्याच्या भेगा बुजवण्यापेक्षा खडीचा रस्ता यंत्राने खरवडून सपाट करणे परवडते. फिनिश भाषेत त्याला 'सोरा' म्हणतात. कच्चा रस्ता हा शब्द आपण ज्या अर्थाने वापरतो, तो याला लागू होत नाही. हा रस्ता पक्का आहे, फक्त काळा नाही.

संध्याकाळी पाइयान्ने सरोवराच्या उत्तर टोकाला असलेल्या युव्हास्क्युलाला पोहोचलो. तळ्याकाठी एक लाकडी घर घेतले आहे. घरमालकीण आजी सत्तरीच्या पुढच्या. त्यांनी चुलीवरची कॉफी दिली, कसे आलात वगैरे विचारले आणि मग सहज सांगितले की लग्नानंतर पहिल्याच वर्षी नवऱ्याबरोबर रॅली पाहायला जंगलात रात्र काढली होती. दहा वाजले तरी उजेड होता.

गुरुवार, ३१ जुलै : रिकामा रस्ता आणि हार्यूची टेकडी

सकाळी स्पर्धकांचा सरावाचा टप्पा होता. तो आम्ही मुद्दाम सोडला, कारण मला ओउनिनपोह्याचा रस्ता गाड्यांविना पाहायचा होता. युव्हास्क्युलाच्या नैर्ऋत्येला, याम्साच्या बाजूला हा रस्ता आहे. रॅलीविश्वात ज्याचे नाव काढल्यावर जुने चालकही क्षणभर गप्प होतात असे जे थोडे रस्ते आहेत, त्यांत हा अग्रभागी आहे.

फाट्यावरून आत वळल्यावर पहिली दोन मिनिटे मला काहीच विशेष वाटले नाही. दोन गाड्या सुखाने जातील एवढी रुंदी, दोन्ही बाजूंना बर्च आणि पाइन, मध्येच गवताचे शेत, टपालाच्या पेट्यांची रांग. मग पहिला उंचवटा आला. आम्ही साठच्या वेगाने होतो आणि माथ्यावर आल्यावर पुढचा रस्ता दिसेनासा झाला. समोर फक्त आकाश. उतरल्यावर कळले की रस्ता माथ्याच्या पलीकडे किंचित डावीकडे वळलेला आहे. असे उंचवटे एकामागून एक, न थांबता. सगळा रस्ता अंगावर लाटा घेऊन पडलेला आहे आणि जवळजवळ प्रत्येक लाटेच्या पलीकडे काय आहे ते अलीकडून दिसत नाही. इथे स्पर्धक जवळपास दोनशेच्या वेगाने येतो, तेव्हा तो डोळ्यांनी पाहून गाडी चालवतच नसतो. शेजारी बसलेला सहचालक वहीतून जे वाचतो, त्यावर विश्वास ठेवून चालवत असतो. स्पर्धेच्या आधी प्रत्येक जोडीला या रस्त्यावरून मर्यादित वेगात दोनच फेऱ्या मारू देतात आणि तेवढ्यात प्रत्येक वळणाचा कोन, प्रत्येक माथा, पुढचे अंतर लिहून घ्यायचे असते.

एका ठिकाणी गाडी बाजूला घेऊन मी उतरलो आणि गुडघे टेकून रस्त्याला हात लावला. वर बोटाच्या पेराएवढी सैल, गोलसर खडी, हरभऱ्याच्या दाण्यासारखी, पायाखाली सरकणारी. ती हाताने बाजूला सारली तर खाली सारवलेल्या अंगणासारखा टणक, करडा थर लागला. नखाने खरवडला तरी निघेना. उन्हाळ्यात धूळ बसावी म्हणून इथे रस्त्यावर कॅल्शियम क्लोराइडचे मीठ मारतात, ते हवेतला ओलावा धरून ठेवते आणि माती आवळून येते. या दोन थरांतच सगळी मेख आहे. पहिल्या गाड्यांच्या चाकांखाली सैल खडी असते, पकड कमी मिळते. त्यांनी ती उडवून बाजूला सारली की मागच्यांना टणक थर मोकळा मिळतो. पहिल्या दिवशी वर्षभराच्या गुणतक्त्यात पहिला असणारा सर्वांच्या पुढे निघतो, म्हणून त्याला रस्ता झाडत जावे लागते.

पुढे ते प्रसिद्ध पिवळे घर आले. साधे, लाकडी, रस्त्याला लागून. त्याच्यापाशी रस्ता चढून एकदम खाली पडतो. २००३ मध्ये एस्टोनियाचा मार्को मार्टिन इथून ताशी १७१ किलोमीटर वेगाने उडाला आणि ५७ मीटर लांब जाऊन टेकला. मी ५७ मीटर पावलांनी मोजले. मोजून झाल्यावर मागे वळून पाहिले तर माथा बराच दूर राहिला होता, आणि दीड टनाच्या आसपासच्या गाडीने एवढे अंतर जमिनीला न शिवता पार केले हे डोक्यात येऊनही मनात उतरेना.

याच रस्त्यावर १९६७ मध्ये टिमो मॅकिनेनच्या मिनी कूपरचे बॉनेट मध्येच उघडले, कारण त्याचे चामडी पट्टे नीट आवळलेले नव्हते. समोरची काच पूर्ण झाकली गेली. त्याने डोके बाजूने बाहेर काढले आणि तसाच स्टेज, म्हणजे वेळ लावून पार करायचा रस्त्याचा टप्पा, पुरा केला, आणि ती रॅलीही जिंकली. ते छायाचित्र माझ्या वर्कशॉपच्या भिंतीवर वीस वर्षे आहे. त्याच पिढीतल्या राउनो आल्टोनेनने डाव्या पायाने ब्रेक दाबण्याचे तंत्र कसाला लावले. पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या मिनीत उजवा पाय ॲक्सिलरेटरवर दाबून ठेवायचा आणि डाव्याने हलका ब्रेक मारायचा. पुढची चाके इंजिनच्या जोराने फिरत राहतात, मागची आखडतात आणि गाडीची शेपटी वळणाबाहेर फिरून नाक आपोआप आत येते. म्हणजे स्टिअरिंग न वळवता गाडी वळते. हे मी पोरांना तोंडाने शंभरदा सांगितले आहे. आज रस्ता पाहिल्यावर कळले की ते तंत्र कोणाच्या बुद्धीतून एकाएकी निघालेले नाही, ते या खडीने शिकवले आहे.

संध्याकाळी युव्हास्क्युलातल्या हार्यू टेकडीवरचा पहिला स्टेज पाहिला. शहराच्या मधोमध, घरांच्या खिडक्यांतून लोक पाहत होते. गर्दी फार, दिसले थोडे.

शुक्रवार, १ ऑगस्ट : लाउका

आज दिवसभर युव्हास्क्युलाच्या आसपासचे स्टेज होते. लाउका हे युहा कांकुनेनचे गाव. चार विश्वविजेतेपदे: १९८६, १९८७, १९९१ आणि १९९३, आणि तीही प्यूजो, लान्चिया आणि टोयोटा अशा तीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्यांतून. शेतकऱ्याचा मुलगा. वयाच्या बावन्नाव्या वर्षाकडे झुकताना, २०११ मध्ये, त्याने गोठलेल्या समुद्रावर बेंटली ताशी ३३० किलोमीटरच्या वर नेली होती. युव्हास्क्युलाजवळच्या पुप्पोलाचा टॉमी मॅकिनेन, ज्याने १९९६ ते १९९९ अशी सलग चार वर्षे विजेतेपद राखले, तोही शेतातलाच. तरुणपणी नांगरणीच्या राष्ट्रीय स्पर्धा गाजवलेला. आडनाव एक असले तरी टिमो आणि टॉमी यांचे नाते नाही. नांगराचे तास सरळ धरणारा आणि खडीवर चाक सरळ धरणारा हात एकच असतो, असे माझे तरी मत झाले.

स्टेजच्या कडेला लेत्तू खाल्ले. आपल्या घावनासारखे, कडेला जाळीदार, मोठ्या काळ्या तव्यावर घातलेले, वर स्ट्रॉबेरीचा मुरांबा. शेजारच्या तंबूत एक वयस्क गृहस्थ आपल्या नातवाच्या गाडीबद्दल सांगत होते, ते भाचीने मला समजावले. इथे 'योकामिएस' नावाचा शर्यतींचा प्रकार आहे, अर्थ अगदी सर्वसामान्यांचा वर्ग असा. जुन्या गाड्या, खडीची छोटी फेरी, पंधरा वर्षांची मुलेसुद्धा भाग घेतात. पण नियम असा की शर्यत झाल्यावर कोणीही स्पर्धक ठरलेली किंमत देऊन कोणाचीही गाडी मागू शकतो आणि मालकाला नाही म्हणता येत नाही. मागणारे अनेक असले तर चिठ्ठ्या टाकतात. त्यामुळे गाडीवर अवाच्या सवा पैसा घालण्यात अर्थच उरत नाही, कारण ती संध्याकाळी दुसऱ्याच्या अंगणात उभी असू शकते. जिंकायचे तर हातानेच. मला हा नियम इतका आवडला की तो मी तिथेच डायरीत उतरवून घेतला. शर्यत हा श्रीमंतांचा खेळ आहे हे वाक्य मी आयुष्यभर ऐकत आलो, आणि ते खोटे पाडणारी व्यवस्था एका देशाने एका साध्या अटीवर उभी केली आहे.

मात्र त्या पायरीच्या वर पैसा लागतोच, आणि तिथे पुन्हा तोच हात दिसतो. टिमो योउहकी या माणसाने कांकुनेनला सांभाळले, मग टॉमी मॅकिनेनला, मग रॅलीचालक यारी-मात्ती लाटव्हालाला आणि पुढे तरुण विश्वविजेता काले रोव्हानपेराला. २०२५ च्या या मोसमात लाटव्हाला टोयोटा संघाचा प्रमुख होता आणि काले त्याच्याच संघातून धावत होता.

या धाग्याला एक दुखरी गाठही आहे. पाउली टोइव्होनेन १९६६ ची माँटे कार्लो रॅली जिंकला. त्याचा मुलगा हेन्री १९८० मध्ये, चोवीस वर्षांचा असताना, जागतिक रॅली जिंकणारा तोवरचा सर्वांत तरुण चालक ठरला. २ मे १९८६ रोजी कॉर्सिकात त्याची लान्चिया दरीत पडून पेटली आणि तो आणि सहचालक सेर्जिओ क्रेस्तो दोघेही गेले. त्या अपघातानंतर ग्रुप बी या वर्गातल्या अनिर्बंध ताकदीच्या गाड्या मोसमाअखेर बंद करण्यात आल्या. नव्या गाड्यांमधला पोलादी पिंजरा पाहताना मला दर वेळी हेन्री आठवतो.

शनिवार, २ ऑगस्ट : पाविल्योन्की

आज जंगलात गेलो नाही. रॅलीचे मुख्यालय आणि दुरुस्तीचा तळ पाविल्योन्की इथे आहे आणि एका मिस्त्रीसाठी ते देवस्थानच. संध्याकाळी स्टेज संपवून गाड्या परत आल्या. नियम असा की ४५ मिनिटांत काम पुरे करून गाडी बाहेर काढायची; उशीर झाला तर प्रत्येक मिनिटाला दहा सेकंदांचा दंड चालकाच्या वेळेत जमा होतो. मी कठड्याला टेकून एका संघाच्या तंबूसमोर उभा राहिलो.

गाडी आत आली, चारी चाके निघाली, चार स्टँडवर उभी राहिली आणि एकाही मिस्त्रीने आवाज चढवला नाही. खालचे संरक्षक पत्रे उतरले; त्यांच्यावर खडीने मारलेले खोल ओरखडे होते, जणू कोणी छिन्नी चालवली आहे. एकाने चारही शॉक एकामागून एक काढून नवे बसवले. निघालेल्या शॉकवर त्याने उघडा हात ठेवला आणि लगेच उचलला. उडी मारून टेकताना तेलात जिरलेली सगळी ताकद उष्णता होऊन बाहेर येत होती. दुसरा फक्त बोल्ट आवळत होता आणि प्रत्येक आवळलेल्या बोल्टवर रंगाच्या पेनाने रेघ ओढत होता, म्हणजे पुढच्याला नुसत्या नजरेने कळावे. ही रेघ ओढण्याची सवय मी परत गेल्यावर माझ्या पोरांना लावणार आहे. एकोणचाळीस मिनिटांनी चाके पुन्हा लागली.

रात्री आजींनी रॅलीतली क्रमवारी विचारली. काले पहिला होता. त्या म्हणाल्या, "उद्यापर्यंत काही बोलायचे नाही."

रविवार, ३ ऑगस्ट : ओउनिनपोह्या

आजींच्या त्या वाक्यामागे चार वर्षांची कहाणी आहे. काले रोव्हानपेरा १ ऑक्टोबर २००० रोजी याच युव्हास्क्युलात जन्मला. वडील हारी यांनी २००१ ची स्वीडन रॅली जिंकली होती. पोरगा आठव्या वर्षी गाडी आडवी घालत होता. परवान्याचे वय नव्हते म्हणून शेजारच्या लाटव्हियात स्पर्धा करत असे आणि स्टेजच्या मधल्या सार्वजनिक रस्त्यावर सहचालक गाडी चालवत असे. २०२२ मध्ये, वयाला बावीस वर्षे आणि एक दिवस झाला असताना, तो इतिहासातला सर्वांत तरुण विश्वविजेता झाला. २०२३ मध्ये पुन्हा. पण घरची रॅली त्याला मिळत नव्हती. २०२१ मध्ये अपघात. २०२२ मध्ये दुसरा, सात सेकंदांच्या आतल्या फरकाने. २०२३ मध्ये आघाडीवर असताना गाडी उलटली. २०२४ मध्ये मोठ्या आघाडीवर असताना, शेवटून दुसऱ्या स्टेजला, रस्त्यात आलेल्या दगडावर गाडी गेली आणि सगळे संपले. २०१७ मध्ये एसापेक्का लापी जिंकल्यानंतर एकाही फिनिश चालकाने ही रॅली जिंकलेली नव्हती.

आम्ही पहाटे निघालो. गाडी लांबच्या शेतात लावून जवळजवळ चार किलोमीटर जंगलातून चालावे लागले. वाटेत दोन्ही बाजूंना रानटी ब्लूबेरीची झुडपे होती. इथे जंगलातली फळे कोणीही तोडून खावीत असा हक्क आहे, म्हणून आमची बोटे पोहोचेपर्यंत जांभळी झाली होती. एका उडीच्या खालच्या अंगाला, दोरीच्या मागे, जागा मिळाली. आजचा स्टेज सुमारे २४ किलोमीटरचा आणि तो दोनदा. गुरुवारी आम्हाला या रस्त्याला पाऊण तास लागला होता; त्यांना अकरा मिनिटांच्या आसपास.

गाडी दिसण्याच्या आधी ऐकू येते. आधी झाडांच्या पलीकडून भुंग्यासारखा आवाज, मग तो फाटत जातो, वर हेलिकॉप्टरची सावली सरकते, आणि माथ्यावर एकदम नाक दिसते. पुढचा क्षण मी चार दिवस मनात रंगवला होता आणि तरी तो वेगळाच निघाला. गाडी हवेत असताना खडीचा आवाज थांबतो. चाके मोकळी होऊन खाली लोंबतात, इंजिनाचा सूर एकदम वर चढतो, कारण त्याला ओढायला जमीनच उरलेली नसते, आणि पोटाखालचा चकाकता पत्रा पूर्ण दिसतो. माथ्यावर भीतीने पाय उचलला तर नाक खाली जाते आणि गाडी तोंडावर पडते. पाय दाबलेलाच राहिला तर ती सपाट उतरते. मग धप्प. चारी शॉक एकदम दबतात, पोट रस्त्याला घासते, खडीची फवारणी झाडांवर आपटते आणि गाडी पुढच्या माथ्यामागे गेलेली असते. एवढे सगळे एका श्वासात.

दुसऱ्या फेरीत आघाडीचा चालक सर्वांत शेवटी येतो. एकेक गाडी जात होती आणि लोक फोनवर वेळा पाहत होते, पण कोणी मोठ्याने बोलत नव्हते. माझ्या शेजारी टोपी घातलेले एक म्हातारे गृहस्थ घडीच्या खुर्चीवर होते, ते उठून उभे राहिले. मग काले आला. मला त्याची उडी सर्वांत लांब वाटली नाही, सर्वांत शांत वाटली. स्टिअरिंगमध्ये एकही जादा हालचाल नाही, माथ्यापूर्वीच गाडी पलीकडच्या वळणाच्या बाजूला किंचित झुकवलेली, टेकल्यावर एकदाही वळवळली नाही. त्याच्या शेजारी बसलेला सहचालक योन्ने हाल्तुनेन वाचत असलेली पुढची ओळ त्याच्या हातात आधीच पोहोचलेली असावी.

काही मिनिटे कोणीच हलले नाही. मग फोनवर शेवटची वेळ आली आणि जंगलातून टाळ्यांचा आवाज पसरत गेला. काले पहिला, टाकामोतो कात्सुता दुसरा, सेबास्तियन ओजिए तिसरा, पहिल्या पाचही जागांवर टोयोटा, आणि सगळ्या रॅलीचा सरासरी वेग ताशी १३० किलोमीटरला टेकलेला, जागतिक रॅलीच्या इतिहासात कधी नव्हता एवढा. शेजारच्या म्हाताऱ्यांनी टोपी काढली, कपाळ पुसले, आणि माझ्याकडे वळून फिनिशमध्ये दोन वाक्ये बोलले. भाचीने सांगितले, "म्हणतात, याचा बाप इथून उडताना यांनी पाहिला होता. आणि आज हा पाहिला."

तासाभराने दोऱ्या सुटल्या. रस्ता पुन्हा साधा झाला, ऐंशीच्या वेगमर्यादेचा. मधोमध दोन खोल, स्वच्छ चाकोऱ्या पडल्या होत्या आणि त्यांच्या तळाशी तो करडा थर उघडा होता. आम्ही कडेने चालत असताना एका फाट्यावरून ट्रॅक्टर बाहेर आला. चालवणारा पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा होता. त्याने दोन्ही बाजूंना पाहिले, सैल खडीवर मागचे चाक किंचित सरकू दिले, सावरले, आणि गवताच्या गठ्ठ्यांची ट्रॉली ओढत त्याच माथ्यावरून पलीकडे गेला.